दुसरं कलम

डरहॅमच्या वाचनालयाचं तळघर, बुधवारचा वर्ग.
आम्ही सहाजण, हीटर एक.
ॲस्क्यूबाई सांगतात :
तीस वर्षांची लढाई, राजांचे वकील
दोन वेगळ्या गावांत उतरलेले,
दारातून आधी कुणी शिरायचं
यावरच महिने गेले.
तोफा चालूच.

शेवटी तह. कलम दुसरं :
घडलं ते कायमचं विसरावं.
मी मनात मराठी करते :
झालं गेलं गंगेला मिळालं.

हागोस, टिग्रेचा, रात्री बसगाड्या धुतो,
लिहिता लिहिता थांबला.
"विसरायचं कुणी? घर जळालं त्यानं?"

बोटांवरचा खडू पुसत बाई म्हणाल्या,
"कोर्टात. दावा लावायचा नाही, एवढंच.
चुलीपाशी काय आठवावं
ते कुठल्याच कलमात नव्हतं."

'विसरावं' त्यानं खोडलं नाही.
समासात, बारीक अक्षरात,
बहिणीचं नाव लिहिलं.