मापाची वही

नांदेडच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
उजव्या कानाच्या मागं, जरा खाली बोट ठेवलं.
म्हणला, मुंजाजीराव, इथं माणसांचे चेहरे असतात.
सुपारीएवढी जागा.
नेमकी तेवढीच सुकली.

डोळ्यांना काही झालं नाही.
नाक दिसतं, भिवया दिसतात, ओठावरचा तीळसुद्धा.
सगळे तुकडे बेतून, कापून टेबलावर ठेवलेले,
शिलाई तेवढी कुणी मारीत नाही.

चौथ्या महिन्यात दुकान उघडलं,
वसमतला, मोंढ्याच्या रस्त्याला. हळदीचे दिवस.
चैतात इथं हमाल पिवळे, अडते पिवळे,
गाढवाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या.
बरं वाटलं मला.
महिनाभर कुणीच कुणाला चटकन ओळखीत नव्हतं.

मग टेप कामाला आला.
माणूस दारात आला की नाव घ्यायचं नाही,
नुसतं म्हणायचं, हात वर करा.
खांदा साडेसतरा, डावीकडं अर्धा इंच उतरलेला:
केरबा. तीस वर्षं पोतं त्याच खांद्यावर.
पोट बेचाळीस, श्वास ओढून चाळीस:
नूरखाँ. ईद जवळ आली म्हणायची.
उजवी बाही लांब, डावी तोकडी:
बोधनकर मास्तर, फळ्यावर लिहून लिहून हात वाढला म्हणतात.
वही आहे माझ्याकडं, सत्त्याण्णवपासूनची, तेलकट.
एक चेहरा नाही तिच्यात.
गाव मात्र पुरतं आहे.

चुका होतात.
एक जण कवाचा उभा होता समोर.
म्हणलं, या, बसा, पाणी घ्या.
त्यानंही ओठ हलवले.
त्याच्याही गळ्यात टेप.
आमची प्रणिता हसली आधी. मग मागं जाऊन
मशीनमध्ये उगाच तेल घालीत बसली,
आरसा तिनंच नंतर भिंतीकडं फिरवून ठेवला.

सोजरचं माप वहीत नाही.
तिचे झंपर मी कधी मापून शिवले नाहीत,
नजरेनंच कापायचो.
आता ती दारातून आत येताना खोकते,
दोनदा, कोरडं.
कुणी शिकवलं नाही तिला.
मीही कधी विचारलं नाही, कामून खोकतीस.

परवा औंढ्याच्या लग्नासाठी पाच जणी आल्या,
एकाच ठाणातलं कापड, रंगही एकच.
कुणी खोकलं नाही.
एकेकीचं कापड घ्यायचं,
कोपऱ्यावर खडूनं आकडा टाकायचा.
एक.
दोन.
तीन उमटेना.

खडू चिकटला होता बोटांना. तळहात ओला.
वर बघितलं:
नाक. भिवया. ओठावरचा तीळ.
एक परकी बाई, गळ्याला मफलर गुंडाळलेली.

निघताना डॉक्टर म्हणला होता,
कधीकधी कातडीला आधी कळतं,
डोक्याला निरोप पोचत नाही एवढंच.
तेव्हा मी हसलो होतो,
शिंप्याला कातडीचं काय सांगतो हा.

बाईनं मापाचं झंपर पुढं केलं.
म्हणलं, राहू द्या, नाही लागणार.
ती काही बोलली नाही, घसा बसलेला असावा.
मफलरचं टोक तेवढं डोळ्याला लावलं.

ओल्या खडूची रेघ कापडावर धरत नाही.
दुसरा घेतला.