वीतभर जागा

सकाळी सातला जिनगोंडाचा फोन.
"दस्तगीरमिस्त्री, पेटी गार होईना बघा.
लस्सी नासली, श्रीखंडाला पाणी सुटलंय.
येऊन गॅस भरून सोडा."

निपाणीत कुणाचाही फ्रिज बिघडू दे,
आधी गॅसच संपतो.
मार्चात चिकोडीच्या पोरानं भरला,
एप्रिलात कोल्हापूरच्या कंपनीवाल्यानं.
दोघांच्या पावत्या काउंटरच्या काचेखाली
शेजारीशेजारी, एक कन्नडात, एक मराठीत.

मी गेज शेवटी काढतो.
आधी तळहात. बाजूचा पत्रा तव्यासारखा.
आत चौदा अंश, हवेत चार.
दारात दहाची नोट धरून दार लावलं, ओढली,
आली नाही. रबर शाबूत.
आतला पंखा फिरतोय, बर्फ साचलेला नाही,
व्होल्टेज दोनशे दहा, चालतंय.
खरं कॉम्प्रेसर सात मिनिटं धापा टाकतो,
टक् करून पडतो,
आणि परत उठायचं का
याचा विचार करत बसतो.

"इराप्पा, खालची जाळी काढ."
जाळी निघाली आणि दोघंही शिंकलो.
तंबाखू.
वखारीवरनं वारा आला की या गावात
यंत्रंसुद्धा शिंकत असतील, आपल्याला ऐकू येत नाही.
कॉइलच्या पात्यांत वाकळेएवढा थर.
ब्रश मारला, ब्लोअर मारला.
"एवढंच व्हय?" जिनगोंडा म्हणाला,
जरासा नाराज.
तीन हजार बाजूला काढून बसलेल्या माणसाला
स्वस्त दुखणं पटत नाही.

एवढंच नव्हतं.
अर्धा तास थांबलो, काटा अकरावर येऊन बसला.
इराप्पा काडीसारखा आहे,
त्यानं भिंत आणि पेटीच्या फटीत
खांद्यापर्यंत हात घातला.
"गाळी इल्ल री," म्हणाला.
वारा नाही.

तिघांनी मिळून पेटी ओढली.
तिच्या पाठीला चिकटून एक निळा पत्रा उभा,
सहा फुटी. अक्षरं आडवी झोपलेली,
मान वाकडी करून वाचावी लागली:
बाहुबली दुग्धालय.
ताक, लोणी, खवा.
प्रोप्रा. भरमगोंडा आदगोंडा चौगुले.
लोण्यातला ण गंजानं खाल्लेला.

दुकानावर आता दिव्यांचा बोर्ड आहे,
वर मोठी कन्नड, खाली बारीक मराठी.
दंड भरण्यापेक्षा बरं, असं तो तेव्हा म्हणाला होता.
जुन्याचं काय केलंस,
हे मी विचारलं नव्हतं.

"भंगारवाला किलोवर मागत होता," जिनगोंडा म्हणाला.
"अप्पाचं नाव किलोवर कसं द्यायचं?
म्हटलं, राहू दे इथं गारव्याला."

गारव्याला!
पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे.
अरे, पेटीच्या पाठीमागं गारवा कुठला,
आतली सगळी धग तिथं आणून टाकलेली असते.
आत लस्सी चार अंशावर राहायची
तर मागं कुणीतरी तापत राहावं लागतं,
आणि त्याला वीतभर जागा लागते
उसासा सोडायला.
मी हे त्याला सांगितलं, यातलं निम्मंच.
बाकीचं ब्लोअरच्या आवाजात गेलं.

बोर्ड बाहेर नेऊन कट्ट्याला टेकवला,
इराप्पानं ओल्या फडक्यानं पुसला.
बिलावर लिहिलं: कॉइल साफ, साडेतीनशे.
पत्र्याचं काय लिहायचं?

पाऊण वाजता काटा सहावर. यंत्राचा आवाज
आता ऐकू येत नव्हता, म्हणजे बरा होता.
तेवढ्यात अकोळच्या गाडीतनं उतरलेला एक म्हातारा
बोर्डापुढं थांबला. उन्हात डोळे बारीक करून,
बोट लावून वाचलं एकेक अक्षर.
"खवा परत चालू केलास व्हय, भरमगोंडाच्या पोरा?"

खवा बंद करून नऊ वर्षं झाली.
कढई विकली, भट्टीच्या जागी ही पेटी आली.
जिनगोंडानं माझ्याकडं बघितलं,
मी पाने मोजायला लागलो.

"उद्या या की," तो म्हणाला.