साठ अँपिअर

फाबियाँने तळघरातल्या डब्याचं झाकण उघडलं,
टॉर्च दातांत धरून म्हणाला,
"लेओन्तीन, या घराची ऐपत साठ अँपिअर."
ऐपत म्हणाला. मला शब्द पटला.

मग त्याने बोटांवर मोजलं:
विहिरीचा पंप, शेगडी,
हॅडॉक भरलेला फ्रीझर,
आणि कपडे वाळवायचं यंत्र,
जे लावलं की बैठकीतला दिवा डोळे मिचकावतो
आणि आन्सेल्म आतून ओरडतो, "कोण?"

दुकानातला मोठा टब सहा माणसांचा,
निळे दिवे, चाळीस फवारे.
त्या एकट्यालाच पन्नास अँपिअर.
म्हणजे जेवायला आलेल्या पाहुण्याने
पातेलंच मांडीवर घ्यावं.
नवा डबा, नवी तार, खांबापासून घरापर्यंत:
फाबियाँने आकडा पुठ्ठ्यावर लिहिला
आणि पुठ्ठा पालथा ठेवला.

एकतीस हंगाम मी खेकड्याच्या कारखान्यात उभी राहिले,
बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत.
आता सकाळी बरणीचं झाकण माझं ऐकत नाही.
डॉक्टरीण म्हणते, गरम पाणी.
कितीदाही विचारा, गरम पाणी.

तर मग लहान टब. साध्या प्लगचा.
दोघांचा, अंग चोरून बसलो तर.
एकशे वीस व्होल्ट, पंधरा अँपिअर.
माहितीपत्रकात खरं काय ते बारीक अक्षरांत:
हीटर हजार वॉटचा,
फवारे जोरात सोडले की हीटर थांबतो.
ऊब किंवा खळखळाट, एका वेळी एक.
"लग्नासारखं," आन्सेल्म म्हणाला.
मी म्हटलं, "आपल्यात खळखळाट झाला कधी?"

थंड पाणी तापायला छत्तीस तास.
तासाला एक अंशसुद्धा पुरता नाही.
मी फवारे मोजले नाहीत.
झाकण किती जाड, भिंतीत फेस किती भरलाय,
तेवढंच फोनवर विचारत राहिले.
इथे केप ब्रेटनला सुएत वारा डोंगरावरून सुटतो तेव्हा
लोक छपराला दोर बांधतात;
पातळ झाकण म्हणजे रुमाल.
विकणारा पोरगा गोंधळला.
"रंगाचं काय ते सांगा ना," म्हणाला.

अट एकच, फाबियाँ म्हणाला,
त्या तारेवर दुसरं काही नको.
एक्स्टेन्शन तर नाहीच नाही.
"अशी रिकामी तार कुठाय आपल्याकडे?"
आन्सेल्मने विचारलं
आणि तिघंही गप्प झालो.

कारण होती.
डब्यात खालून दुसरी.
चिकटपट्टीवर फाबियाँचंच अक्षर:
दिदास. बंद करू नये.

माझा दीर. पूर्वेकडची खोली.
रोज रात्री नऊ तास
उशाशी यंत्र गुणगुणायचं,
औषधाचं पाणी अंगाइतकं कोमट करून
त्याच्या पोटात सोडायचं, काढून घ्यायचं.
वीज गेली की आन्सेल्म अनवाणीच
जनरेटरकडे धावायचा.
यंत्र कंपनीने परत नेलं, त्याला चार वर्षं झाली.
खोलीत आता जाळी, रंगाचे डबे, एक मोडका स्लेज.
तार भिंतीत तशीच,
पंधरा अँपिअर, कोणासाठीच नाही.

फाबियाँने चिकटपट्टीच्या कडेला नख लावलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
"असू दे," मी म्हटलं.

टब त्याच भिंतीबाहेर ठेवलाय.
भरला त्या दिवशी आन्सेल्म दर तासाला बाहेर,
टोपी कानावर ओढून,
आत येऊन आकडा सांगायचा,
"सोळा." "सतरा, जवळजवळ."
जसं कुणाचा ताप बघतोय.

दुसऱ्या रात्री अडतीस.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात;
मी आधी हात घातले.
झाकण अर्धंच सरकवलं, ऊब जाऊ नये म्हणून,
आणि गुडघे बर्फात टेकून
मनगटापर्यंत तशीच राहिले बराच वेळ.

"फवारे सोडू का?"
नको.
आत कपडे वाळत होते. दिवा मिचकावला.
भिंतीपलीकडे ते बारीक गुणगुणणं चालू होतं
आणि या खेपेला आन्सेल्मने विचारलं नाही, कोण.