पुराव्यांच्या खोलीतली बाई

इन्स्पेक्टर गेला, त्याचं मला फारसं काही नाही.
त्याच्या जाण्याचा गाजावाजा झाला यथासांग:
धक्क्यावर गोळी, धुकं, पांढरी चादर,
आणि दुसऱ्या दिवशी ॲबरडीनच्या अर्ध्या बसथांब्यांवर
त्याचाच उतरलेला चेहरा.
त्याच्या जागी आलेला पोरगा बरा आहे.
दात जरा जास्तच पांढरे, चालायचंच.

मी विचारतेय मिसेस ड्रमंडचं.

कोण, असं माझी बहीणही म्हणाली.
अकरा वर्षं दर रविवारी माझ्याच सोफ्यावर बसून
माझीच बिस्किटं चहात बुडवून
हिला मिसेस ड्रमंड ठाऊक नाही.
अगं, तळघरातली. जाळीच्या खिडकीमागची.
चष्मा दोरीला, जांभळा स्वेटर, कोपरावर ठिगळ.
इन्स्पेक्टर पिशवी आणून आदळायचा
आणि ती म्हणायची, "सही."
एवढंच. कधी कधी, "इथे नाही, खाली."

एका भागात दोन मिनिटं. पुष्कळदा तेवढीही नाहीत.
पण त्या दोन मिनिटांसाठी मी आठवडाभर थांबायचे,
कारण मीही तेच करते.
बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत,
एकोणीस वर्षं.
छत्र्या. एकेकटे हातमोजे. कवळ्या. हो, कवळ्या,
माणसं दात विसरून घरी कशी जातात देव जाणे.
एकदा बॅगपाइप. एकदा अस्थी,
केकच्या डब्यात, इन्व्हरनेसहून आलेल्या शेवटच्या बसमध्ये.
प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची: काय, कुठे, कधी.
ड्रमंडबाई गाठ मारायची अगदी तशीच,
दोरा दोनदा फिरवून, अंगठ्याखाली दाबून.
ती गाठ कुणी शिकवून येत नाही.
त्या नटीने कुठेतरी अशी खिडकी सांभाळली असणार.

तिचं खरं नावही मला धड माहीत नाही.
नावं सुरू झाली की पडदा आक्रसून कोपऱ्यात जातो
आणि पुढच्या कार्यक्रमाची बाई हसत येते.
एकदा टीव्हीला नाक लावून वाचलं: ऊना कि...
किनेअर्ड असेल. किंवा किलगूर.

नव्या पर्वात तळघर आहे, जाळी आहे,
जाळीमागे एक यंत्र आहे.
पिशवी दाखवली की ते टुंग करतं.
ना गोळी, ना धुकं,
ना "तिची बदली झाली" एवढं एक वाक्य.
भरल्या पानावरून उठवलं बाईला
आणि पंगतीत कुणी मान वर केली नाही.

मी पत्र लिहिलं. हाताने.
उत्तर आलं छापील, इन्स्पेक्टरबद्दल:
"आपल्या लाडक्या नायकाला निरोप देताना आम्हालाही जड गेलं."
बहीण म्हणाली, एल्स्पेथ, मालिका आहे ती.
म्हटलं, माहितेय मला मालिका आहे ते.
चहा निवला. उरलेला भाग पाहिला.
खुनी दंतवैद्य निघाला. मला पहिल्याच दृश्यात कळलं होतं.

सोमवारी समुद्रावरून इतकं धुकं आलं
की समोरचा फलाट दिसेना.
खिडकीशी कुणी फिरकलं नाही.
फक्त वरच्या कचेरीतला मुलगा टेप घेऊन आला,
खिडकीची रुंदी मोजली, कागदावर काही टिपलं,
सॉरी म्हणाला, कशाबद्दल ते नाही म्हणाला.
मी एक कोरी चिठ्ठी घेतली. लिहिलं,
वस्तू.
खोडलं.
बाई, साठीची. चष्मा दोरीला.
शेवटची दिसली: रविवार, रात्री नऊ चाळीस, तळघर.
सापडल्याचं ठिकाण रिकामं ठेवलं.

दोनदा फिरवून, अंगठ्याखाली दाबून गाठ मारली,
तर बांधायला काही नव्हतं.
मग छत्र्यांशेजारच्या खिळ्याला अडकवली.

नव्वद दिवस ठेवतो आम्ही, नियम तसा आहे.
अस्थी मात्र अजून आहेत.