ब गटात कितवे

सामन्यांना अजून अकरा दिवस आहेत
आणि गुणतक्ता आम्ही आजच भरायला घेतलाय,
सातपूरला, गांगुर्डेबाईंच्या टपरीवर,
सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरमागं.
डिसेंबरच्या पाठीवर.
निफाडचा पारा चारवर आलाय म्हणे,
चहा ग्लासातून ओठांपर्यंत येईतो निवतो.

ब गटात सहा संघ:
ओझर, सिन्नर, नाशिकरोड, देवळाली,
पंचवटीचं रणधीर आणि आमचं जयदीप.
पहिले दोन पुढं जाणार.
बाकीचे चार घरी येऊन
पुढच्या वर्षाचं बोलायला लागणार,
ते काम आम्हाला चांगलं जमतं.

नेरकर दुसरी पाळी संपवून थेट आलाय,
नखांत काळं ऑइल, खिशात वही.
मागच्या हंगामात एकेचाळीस पकडी सुटल्या,
त्यातल्या सव्वीस डाव्या कोपऱ्यातून.
आणि डावा कोपरा अजून तोच आहे,
फक्त त्याचं लग्न झालंय.
लिही, म्हणतो. चौथे.

इब्राहिम कोकणी माझ्या हातचा पेन ओढतो.
चौथे? तुला मिसळीत तर्री कमी पडली
तरी तू चौथेच म्हणशील.
रणधीरचा पकडपटू पोलिसात भरती झाला,
सिन्नरवाले मॅटवर घसरतात, मातीतले आहेत ते,
ओझरला यंदा कोच नाही.
उरलं कोण? मोज की बोटांवर.
तो मोजतो. आम्ही दुसरे येतो.
पुन्हा मोजतो, जरा भरभर. पहिले.

ढिकले सर काही म्हणत नाहीत.
ते तेवीस वर्षं शिट्टी वाजवत होते,
अजूनही कोणी मोठ्यानं बोललं
की त्यांचा हात छातीवरची दोरी शोधतो.
शेवटी एवढंच:
गुडघ्याचं काय?

गुडघा म्हणजे हेमराजचा, उजवा.
आमची अर्धी चढाई त्या गुडघ्यावर उभी आहे.
सप्टेंबरात तो मध्यरेषेच्या एक वीत अलीकडं वळला
आणि आम्हाला प्रेक्षकांतून आवाज ऐकू आला,
किंवा ऐकू आला असं आता सगळेच सांगतात.
बरा झालाय, इब्राहिम म्हणतो.
मी त्याला पांडवलेणी चढताना बघितलाय.
उतरताना? नेरकर विचारतो.
उतरताना मी नव्हतो.

तेवढ्यात दुधाच्या पिशवीला
हेमराजचीच आई आली.
शाल कानावरून घट्ट, हातात सुटे पैसे.
आम्ही एकदम थंडीवर बोलायला लागलो.
त्यांनी कॅलेंडर उलटं पडलेलं बघितलं,
सहा नावं, पुढं खाडाखोड,
आणि विचारलं, आपले कितवे?

कोणी बोलेना.
गांगुर्डेबाईंनी उगाच स्टोव्हला पंप मारला.

पिशवी कडेला धरून त्या म्हणाल्या,
जिन्यावरून येताना अजून कठडा धरतो.
मी बघत नाही असं वाटतं त्याला.
मग पैसे मोजून दिले. गेल्या.

आता हे कळल्यावर
आकड्यांच्या माणसानं आकडा बदलायला हवा होता.
सहावे, निदान पाचवे.
नेरकरनं वही उघडली, एक पान चाटून उलटलं,
मिटली.
चौथे म्हणालो होतो ना मी, तो म्हणाला,
दुसरे कर.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
सरांनी चष्मा पुसला. इब्राहिम पहिल्यांदाच गप्प.

तक्ता मीच लिहिला, माझं अक्षर बरं म्हणून.
दुसरे, जयदीप, खाली दोन रेघा.
बाईंनी तो साखरेच्या डब्याखाली सरकवला,
मार्चमध्ये काढायचा.

एक गोष्ट तिथं बोललो नाही.
त्याच्या आधी घरी बसून
मी माझा स्वतःचा तक्ता केला होता, खरा,
बसच्या तिकिटाच्या मागं, बारीक अक्षरात.
त्यात आम्ही पाचवे आहोत.
ते तिकीट अजून पाकिटात आहे.
फेकवत नाही,
आणि बरोबर ठरलं तर
दाखवायला मी कुठं जाणार?