शेरा

टेंभुर्णे सरांचं सेवापुस्तक आज बंद करायचं.
एकतीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस.
स्टॅम्पपॅड सुकलं होतं, दोन थेंब पाणी टाकलं.

पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर.
विशेष विषय : विज्ञानाचं तत्त्व-
इथे रकाना संपला,
उरलेलं खाली उतरलं, ओळखीच्या खुणेत :
'ज्ञान. डाव्या भुवईवर व्रण.'
कोणी खोडलं नाही. तपासणीत चारदा सही झाली त्यावर.

रुजू झाले तेव्हा वर्गात एकोणीस.
मग अकरा. मग चार,
त्यातले दोन एसटीच्या पासासाठी.
फिजिक्सवाले म्हणत, हे कलाशाखेचं दुखणं,
कलाशाखेला वाटे, हा माणूस चुकून इकडे आला.
संचमान्यतेत दोनदा अतिरिक्त ठरले,
दोन्ही वेळा पर्यावरणाचा पेपर घेऊन टिकले.

पण दिवाळीनंतर सर कॉलेजात सापडत नसत.
चुलबंदच्या पुलापलीकडे, धान खरेदी केंद्रावर
उभे असायचे, वही घेऊन.
एकच मूठ धान. सोसायटीचं यंत्र म्हणे सतरा,
मिलवाल्याचं एकोणीस,
तालुक्याहून आलेलं सोळा पूर्णांक चार.
लोक भांडायचे. सर लिहायचे.

एकदा ऑफिसात आले. म्हणाले,
"बोरकर, ओलावा किती ते यंत्र सांगतं.
यंत्र बरोबर आहे, हे कोण सांगतं?"
मी म्हटलं, नागपूरची लॅब.
"आणि लॅबला?"
दिल्ली.
"दिल्लीला?"
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
मला तीनच्या आत बँकेत पोचायचं होतं.

तिथला मापारी दसाराम कापगते
दाणा दाढेखाली धरायचा. कट्.
"साडेसतरा हाये जी. उद्या ऊन दाखवा, परवा आना."
सर त्याच्याकडे असे बघत
जसे आमचे प्राचार्य कुलगुरूंकडे.

नऊ हंगाम त्याचे आकडे उतरवले.
रात्री केमिस्ट्रीच्या भट्टीत तेच धान वाळवून
वजन करून ताडून पाहिले.
चावी मी देत होतो. रजिस्टरात नोंद नाही.
आता सांगायला हरकत नसावी.

दहाव्या हंगामात दसारामची ती दाढ पडली.
सरांनी तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली,
कारण : साधन निकामी.
प्राचार्यांनी विचारलं, कसलं साधन?
गाडी असेल, म्हटलं.

मग कधीतरी जाड लिफाफा आला, परदेशाचा.
पक्ष्याचं तिकीट माझ्या पोरीने काढून घेतलं.
आत बावीस पानं इंग्रजी. मला एवढंच वाचता आलं,
शेवटी आभारात : दसाराम कापगते, लाखांदूर.
नियतकालिक मान्य यादीत नव्हतं.
गुणांच्या तक्त्यात त्यापुढे शून्य मीच लिहिलं,
गोल, नीट. अक्षर चांगलं आहे माझं.

काल निरोप समारंभ. शाल, नारळ, फोटो.
दसाराम आला होता, नवी कवळी लावून.
सरांनी खिशातून धानाचे दाणे काढले.
त्याने चावला, थांबला, दुसरा चावला.
"इले काई समजत नाई जी."
"समजेल," सर म्हणाले,
"नऊ हंगाम दे तिला."
दोघं बराच वेळ हसत होते.
मंडपवाला खुर्च्या उचलायला लागला होता.

आता शेरा.
एवढ्या रकान्यात काय मावणार.
शिक्का मारला : सेवा समाधानकारक.
'कारक' थोडं पसरलं.
पानं दमट झाली असतील कपाटात,
किंवा माझ्याच हातून पॅडात
पाणी जास्त पडलं.
नुसतं बघून
कसं सांगणार.