सगळ्या कळपाला एकच कान

आकुरेरीत नोव्हेंबरला साडेतीनलाच अंधारतं.
लॅबच्या काचेपलीकडे खाडी,
आणि तिच्यावर एका मासेमारी बोटीचा दिवा, जागचा न हलणारा.
दुसऱ्या वर्षाची अठरा पोरं,
आणि मी, त्यांच्या चुका तपासायला तासावर नेमलेला.

स्टेनथोर सरांनी फळ्यावर लिहिलेलं अजून पुसलं नव्हतं :
क्लास म्हणजे साचा. साच्याला लोकर नसते.

बाकीच्यांनी बँकेची खाती केली, गाड्या केल्या.
एकाने पिझ्झा केला
आणि मश्रूम पिझ्झाला त्याचा वारस ठरवून मोकळा झाला.
हुग्रूनने मेंढी केली.

जन्मसाल, वजन, रंग, आणि कान :
डाव्याचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून एक चीर.
"ही आमची खूण. अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाची नाही.
सप्टेंबरात सगळ्यांची मेंढरं डोंगरावरून एकदमच उतरतात,
गोल कुंपणात नुसती दाटी होते,
मग कान चाचपायचे,
आणि आपली असली की दोन पायांत धरून
आपल्या कप्प्यात न्यायची."
तिने हात करून दाखवले,
की-बोर्डला शिंगं असल्यागत.

प्रोग्राम चालवला.
एका लूपमध्ये एकशे चाळीस मेंढ्या जन्मल्या,
कुणाला वेणा नाहीत, कुणी रात्र जागलं नाही.
शेवटची तेवढी शेजाऱ्यांची, चुकून आलेली,
तिच्या उजव्या कानाला भोक.
आणि स्क्रीनवर उतरलं : भोक, भोक, भोक,
एकशे चाळीस वेळा भोक.

"चोरल्या कुणीतरी," ती म्हणाली.
मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून खालून वर वाचत गेलो
आणि चौथ्या ओळीत तो सापडला. स्टॅटिक.
कुठल्याशा नमुन्यातून उचललेला,
चालतंय ना, मग असू दे, म्हणून राहिलेला.

"कान मेंढीला दिलाच नाहीस," मी म्हटलं,
"साच्याला दिलास.
सगळ्या कळपाला मिळून एकच कान.
एकीचा कापला की सगळ्यांचा कापला."

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "तसंच झालं होतं."

मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं.
एका मेंढीच्या मेंदूत रोग निघाला. एकाच.
पण नियम मेंढीला नसतो, कळपाला असतो.
ट्रक सकाळी आले, दुपारपर्यंत गोठा धुऊन झाला.
तिचे वडील केतिल आता रस्त्यावरचं बर्फ ढकलणारं यंत्र चालवतात.
खुणांच्या सरकारी वहीत खूण अजून त्यांच्याच नावावर आहे,
दर वेळी फी भरून त्यांनी ठेवलेली.
क्लास आहे, मी मनात म्हटलं, ऑब्जेक्ट एकही नाही.
तोंडाने म्हणालो नाही. शिकवण्याची खोड कुठे आवरावी
तेवढं मला कळतं.

तिने शब्द खोडला. पुन्हा चालवलं.
एकशे एकोणचाळीस चिरा, एक भोक.

जमा करायच्या आदल्या दिवशी सर मेमरीवर आले :
ज्या वस्तूकडे एकही नाव बोट दाखवत नाही
ती यंत्र झाडून नेतं.
हुग्रूनचा हात वर. "केव्हा?"
"सांगता येत नाही. त्याला वाटेल तेव्हा."
तिने ते वहीत उतरवलं, खाली रेघ मारली.

शनिवारी मी तिचा प्रोग्राम उघडला.
सगळं नीट : प्रायव्हेट ते प्रायव्हेट,
कोकरू मेंढीचं वारस, ओरडायची मेथड त्याची वेगळी.
फक्त शेवटी, कंस मिटायच्या आधी,
एक जास्तीचं नाव, फ्लेक्का,
एका मेंढीकडे बोट दाखवत उभं,
पुढे कुठेच न वापरलेलं.
खाली संपादकाची पिवळी नागमोडी रेघ :
याची गरज नाही.

अर्धा गुण कापायचा असतो याला. नियम आहे.
मी कानाडोळा केला.